स्वतःचं जगणं लिहिलं आणि अकादमी मिळाली : या सगळ्यांच्या कौतुकाचा धागा

जुनी_पायवाट
मंडळी, मी आमच्या गावच्या वाचनालयात एकवीस वर्षं देवघेवीच्या टेबलावर बसले, यंदा मार्चमध्ये काम थांबवलं. शेवटच्या आठवड्यात फाटकी पुस्तकं बाइंडिंगला काढत होते, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आपण तारखांची चिठ्ठी चिकटवतो ना, ती आत्मचरित्रांची सगळ्यात जास्त भरलेली होती, झोंबीला तर चार चिठ्ठ्या एकावर एक चिकटवलेल्या. म्हणून मग घरी बसून साहित्य अकादमीची मराठीची यादी काढली आणि त्यातली फक्त स्वतःबद्दल लिहिलेली पुस्तकं वेगळी केली, म्हणजे आत्मचरित्र, आठवणी, ललित असं सगळं.

तर बघा, अकादमीचे पुरस्कार १९५५ ला सुरू झाले आणि १९५८ लाच चिंतामणराव कोल्हटकरांच्या बहुरूपीला मिळाला, म्हणजे एका नटाच्या आठवणींना. मग १९७१ दुर्गाबाई भागवतांचं पैस, १९७२ गोदावरी परुळेकरांचं जेव्हा माणूस जागा होतो, १९७६ गोनीदांची स्मरणगाथा. आणि त्यानंतरचं दशक बघून मी खुर्चीत सरळ होऊन बसले. १९८१ लक्ष्मण माने यांचं उपरा, १९८५ विश्राम बेडेकरांचं एक झाड आणि दोन पक्षी, १९८८ लक्ष्मण गायकवाडांचं उचल्या, १९८९ प्रभाकर ऊर्ध्वरेषे यांचं हरवलेले दिवस, १९९० आनंद यादवांचं झोंबी. दहा वर्षांत पाच!! आणि शेवटची तीन तर लागोपाठ. कविता, कादंबरी, समीक्षा सगळं एकाच टेबलावर असताना लागोपाठ तीन वर्षं माणसाच्या जगण्याला पुरस्कार मिळाला, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढं १९९६ ला गंगाधर गाडगीळांचं एका मुंगीचे महाभारत, २०११ ग्रेस, २०१३ सतीश काळसेकर, २०१४ जयंत नारळीकर.

धागा एवढ्यासाठीच काढलाय की या सगळ्यांचं एकदा मनापासून कौतुक करूया. परीक्षण लिहू नका प्लीज, यातलं कुठलं पुस्तक तुम्ही कुठं आणि कधी वाचलं आणि वाचून काय झालं तेवढं लिहा. मी स्वतः नंतर लिहीन.

कागलकर
ताई, चार चिठ्ठ्या वाचून ऊर भरून आला. आमच्या कागलचा माणूस! मी झोंबी नववीत वाचलं, आजीच्या खाटेखाली बसून, कारण वर बसलो की कामाला लावायचे. आमच्याकडं ऊस होता, गुऱ्हाळ होतं, त्यामुळं पुस्तकातलं काहीच नवीन नव्हतं आणि तेच मला नवीन होतं, म्हणजे चिपाडं, काहिली, चुलवाण हे पुस्तकात छापायचे शब्द आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. शाळेत आम्ही घरचं बोललो की बाकीचे हसायचे आणि इथं एक प्राध्यापक झालेला माणूस त्याच भाषेत चारेकशे पानं लिहून बसलाय. त्या दिवसापासनं मी वर्गात "व्हय" म्हणायला लाजलो नाही.

बापानं पोराची शाळा सोडवून त्याला मळ्यात घातलाय आणि पोरगं न् आई मिळून दत्ताजीराव देसायांकडं जातात, बापाला समजवा म्हणून, तो भाग मी अजून सलग वाचू शकत नाही. मधे पुस्तक खाली ठेवतो, पाणी पितो, मग पुढं.

इंदूरची_लेक
कागलकर, तुम्हाला एक सांगू का, मी झोंबी मराठीत वाचायच्या आधी हिंदीत वाचलं! आम्ही तीन पिढ्या इंदूरचे, घरी मराठी पण शाळा हिंदी. बारावीच्या हिंदीच्या पुस्तकात, एनसीईआरटीच्या वितानमध्ये, त्यातला एक भाग आहे, 'जूझ' नावानं. त्यात तो मुलगा म्हशी राखताना कविता करतो आणि कागद नसतो म्हणून लाकडाच्या तुकड्यानं म्हशीच्या पाठीवर ओळी लिहितो, पाठ झाली की पुसून टाकतो. आमच्या वर्गात बिहारची, राजस्थानची मुलं होती, सगळी गप्प ऐकत होती. मी घरी येऊन आईला सांगितलं की आज आपल्या मराठीचा धडा झाला. आई म्हणाली अगं हे पुस्तक बाबांच्या कपाटात आहे. मग आम्ही दोघी संध्याकाळी कणीक मळता मळता वाचायला लागलो, ती वाचायची आणि मला अडलेले शब्द सांगायची, तिलापण निम्मे अडायचे कारण कोल्हापूरकडची बोली तिला कुठून येणार. अडलेले शब्द आम्ही कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवायचो आणि सुट्टीत पुण्याचे काका आले की विचारायचो. ते सौंदलगेकर मास्तर जे कविता गाऊन शिकवतात, ते वाचून मी मराठी साहित्य घेऊन एमए करायचं ठरवलं आणि केलं पण.

लातूर_एक्सप्रेस
उचल्यावर मी लिहितो. माझं गाव लातूर जिल्ह्यातच, गायकवाडांच्या धनेगावापासून फार लांब नाही. हे पुस्तक १९८७ ला आलं आणि पुढच्याच वर्षी अकादमी मिळाली. लेखक तेव्हा पस्तिशीतला, सूतगिरणीत काम केलेला माणूस. आता हे सगळ्यांना माहिती असेलच असं नाही म्हणून सांगतो, इंग्रजांनी १८७१ ला कायदा केला आणि अख्ख्या जमातीच्या जमाती, गायकवाडांचीसुद्धा, जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं ते तसंच होतं, ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटका झाली. कागदावर. माझ्या लहानपणी आमच्या गावात काही चोरी झाली की पोलिस आधी कुठल्या वस्तीवर जायचे हे आम्हा पोरांनापण पाठ होतं आणि आम्हाला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं, हे मी आज स्पष्ट लिहितो.

पुस्तक मी अकरावीत वाचलं. आमच्या वर्गात त्या वस्तीवरचा एक मुलगा होता, शेवटच्या बाकावर बसायचा, मी तीन वर्षांत त्याच्याशी एकदाही नीट बोललो नव्हतो. पुस्तक वाचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. काय बोलायचं सुचेना, मग भूमितीची वही मागितली. आता तो एका सहकारी संस्थेत आहे, आमची दोघांची पोरं एका शाळेत जातात. पुरस्कार मिळाला नसता तर ते पुस्तक आमच्या तालुक्याच्या लायब्ररीत आलं असतं का माहिती नाही, आमच्या ग्रंथपालांनी "अकादमीवालं आलंय बघ" म्हणूनच हातात दिलं होतं. म्हणून मला हे पुरस्कार बिरस्कार फार महत्त्वाचे वाटतात.

मोगरा७१
ताई, धागा सुंदर आहे आणि मी आनंदानंच लिहितेय, पण तुमची यादी दोनदा वाचल्यावर एक गोष्ट खुपली ती लिहू दे. १९७१ दुर्गाबाई, १९७२ गोदावरीबाई, लागोपाठ दोन बायका. आणि नंतर? एकाही बाईच्या आत्मचरित्राला मिळालेला नाही. आणि बाईंनी लिहिलं नाही असं थोडंच आहे! मराठीत ही वाटच मुळात बायकांनी मोठी केली. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० च्या, लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे १९३४ पासून यायला लागली, तेव्हा अकादमीच नव्हती ते सोडा. पण १९८६ ला बेबी कांबळे यांचं जिणं आमुचं आलं, शांताबाई कांबळे यांची माज्या जल्माची चित्तरकथा आली, १९९० ला सुनीताबाईंचं आहे मनोहर तरी, २००३ ला उर्मिला पवारांचं आयदान. म्हणजे जे दशक तुम्ही सोन्याचं म्हणताय त्याच दशकात यातली निम्मी आली.

बेबीताई फलटणला छोट्या दुकानात बसायच्या, पुडी बांधायला आणलेल्या रद्दीतून वाचायच्या आणि वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून लिहीत राहिल्या. आणि योगायोग बघा, उपराकार मानेपण फलटण तालुक्यातलेच. एकाच तालुक्यातली दोन पुस्तकं, एकाला अकादमी, एकाला नाही. मी मान्यांचं काही कमी करत नाहीये हां, उपरा मला अतिशय प्रिय आहे. पण कौतुकाच्या धाग्यावर या बायकांनापण बसायला जागा हवी.

जुनी_पायवाट
मोगराताई, बसा बसा, त्यांच्यासाठी आधी जागा. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर आणि मला हे यादी करताना दिसायला हवं होतं, मी दशक मोजण्यात इतकी रंगले की दिसलं नाही. चित्तरकथेवरून मुंबई दूरदर्शनला नाजुका मालिका झाली होती, ती आठवतेय का कुणाला? आमच्या चाळीत एकच टीव्ही, आणि त्या दिवशी बायका भाकऱ्या आधी उरकून यायच्या.

डहाणूची_बाई
मी तलासरीजवळ झेडपीच्या शाळेत शिकवते, मूळची नाशिककडची. बदली होऊन इथं आले तेव्हा मला वारल्यांबद्दल भिंतीवरची चित्रं सोडून काहीही ठाऊक नव्हतं. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी जेव्हा माणूस जागा होतो दिलं, म्हणाले आधी हे वाचा आणि मग वर्गात जा.

गोदावरीबाई पुण्याच्या वकिलाची मुलगी, स्वतः कायद्याची पदवी घेतलेली, आणि त्या इथं येऊन पाड्यापाड्यावर पायी फिरल्या. जानेवारी १९४५ ला टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथं इथून काही वारली गेले होते, आणि मग मे महिन्यात झरीला सभा झाली. वेठबिगार करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही. लग्नगडी म्हणजे काय हे मला पुस्तकातूनच कळलं, लग्नाला सावकाराकडून पैसे घेतले की नवरा नि बायको दोघांनी त्याच्याकडं राबायचं, किती वर्षं ते कुणी सांगायचं नाही. ते कर्ज किती होतं हे वाचलं की आपलीच मान खाली जाते.

मला या पुस्तकात काय आवडतं सांगू का, आठवणी बाईंच्या आहेत पण बाई स्वतः कोपऱ्यात उभ्या आहेत. उजेड सगळा समोरच्या माणसावर. ललित आणि आठवणींचा पुरस्कार म्हटलं की लेखकाचं मन, लेखकाचं बालपण असं आपल्या डोळ्यांसमोर येतं, इथं तसं नाहीये. मी झरीचं पान चौथीच्या वर्गात वाचून दाखवलं. एक मुलगी उठून म्हणाली, बाई, माझी पणजी होती तिथं. मी विचारलं तुला कुणी सांगितलं, तर म्हणाली आजी सांगते, चुलीपाशी. दुसऱ्या दिवशी आजीच शाळेत आली, पुस्तक हातात घेतलं, वाचता येत नव्हतं तिला, पण पानावरून हात फिरवत बसली आणि जाताना विचारलं, यात आमचं लिव्हलंय ना?

तिसरी_घंटा
बाई, हे वाचून मला थोडा वेळ काही टाइप करता आलं नाही.

बहुरूपीवर कुणी लिहिणार नाही बहुतेक म्हणून मी लिहितो. चिंतामणरावांनी १९१८ ला दीनानाथ मंगेशकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत बळवंत संगीत मंडळी काढली. गडकऱ्यांच्या भावबंधनमधला घनश्याम त्यांचा. मी हौशी नाटक करतो, आमच्या ग्रुपमधली नवी मुलं विचारतात जुन्या कंपन्या कशा चालायच्या, मी म्हणतो बहुरूपी वाचा, त्यात नाटक कमी आणि कंपनीचं बिऱ्हाड जास्त आहे. रंगभूमीचा इतिहास लिहिणारे बरेच असतात, पण तोंडाला रंग लावलेल्या माणसानं आतून लिहिलेलं वेगळंच. आणि १९५८ साली, अकादमी जेमतेम चार वर्षांची असताना, परीक्षकांना हे साहित्य वाटलं, त्यांचंही कौतुक करायला पाहिजे.

एक शंका. १९६५ चं पु. लं.चं व्यक्ती आणि वल्ली तुम्ही यादीत का घेतलं नाही? आणि २०१५ ला अरुण खोपकरांचं चलत्-चित्रव्यूह?

जुनी_पायवाट
व्यक्ती आणि वल्लीवर मी दोन दिवस विचार केला खरंच. ती माणसं काही खरी, काही जुळवलेली, आणि त्यातला सांगणारा "मी"सुद्धा कितपत पु. ल. आहेत कोण जाणे, म्हणून बाहेर ठेवलं. खोपकरांचं मी वाचलेलं नाही, वाचून सांगते.

गणिताचा_मास्तर
माझ्या मते घ्यायला हवं होतं व्यक्ती आणि वल्ली, पण असो, त्यावर भांडण नको. मला नारळीकर सरांवर लिहायचंय. चार नगरांतले माझे विश्व, म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे. २०१४ ला अकादमी. सर २० मे २०२५ ला गेले, त्या रात्री मी हेच पुस्तक उघडून बसलो होतो. बनारसची प्रकरणं मला सगळ्यात जवळची, वडील विश्वविद्यालयात गणित शिकवतायत, घरात पाहुणे येतायत, मुलांना कोडी घातली जातायत. मी ते वाचून माझ्या घरात फळा आणला, बैठकीच्या खोलीत, बायको आधी म्हणाली हॉलचा क्लासरूम करू नका, आता तीच त्यावर रोज एक कोडं लिहिते आणि मुलगा शाळेतून येऊन दप्तर न काढता आधी तिकडं बघतो.

आणि स्पर्धेचा विषय निघालाच आहे तर, मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती, सत्तरच्या दशकात. सर तेव्हा जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ. नावामुळं बक्षीस मिळायला नको म्हणून त्यांनी नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी केलेली बघा, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. कृष्णविवर नावाची ती कथा पहिली आली. माझ्या वर्गातली मुलं निबंधस्पर्धेत भाग घ्यायला घाबरतात, "सर, लोक हसतील" असं म्हणतात, त्यांना मी दरवर्षी हीच गोष्ट सांगतो.

न्यूजर्सी_वारा
इथं रात्रीचे दोन वाजलेत आणि मी सगळा धागा वाचत बसलेय. माझं पुस्तक स्मरणगाथा. मी घर सोडून आले तेव्हा बावीस वर्षांची होते, गोनीदांनी तेराव्या वर्षी सोडलं, सातवीत असताना, गांधीजींच्या हाकेवर. मग पायी फिरणं, गाडगेबाबांचा सहवास, नर्मदा परिक्रमा. माझं जाणं विमानानं, व्हिसा घेऊन, आईनं डबा देऊन, त्याच्याशी तुलना होऊच शकत नाही, पण घर मागं टाकल्यावर पहिल्या काही रात्री पोटात जे होतं ते मला त्या पुस्तकातच सापडलं. बाबांनी बॅगेत घातलेलं, वजन जास्त झालं म्हणून विमानतळावर दोन ड्रेस काढले आणि पुस्तक ठेवलं. इथल्या मराठी शाळेत मी रविवारी शिकवते, मुलांना गोनीदांच्या भटकंतीच्या गोष्टी सांगते, त्यांना विश्वास बसत नाही की खिशात काही नसताना माणूस इतका चालू शकतो.

पैसबद्दल कुणी लिहिलं नाही अजून? मोगराताई?

मोगरा७१
लिहिते की. पैस म्हणजे नेवाशाचा खांब, ज्ञानेश्वरांनी ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात तो. दुर्गाबाई देवळात जातात तशा त्याच्याकडं जात नाहीत, एखाद्या फार जुन्या माणसाला भेटायला जातात तशा जातात. मी सासूबाईंना घेऊन नेवाशाला गेले होते, त्यांनी हार घातला, नमस्कार केला, मी नुसती उभी राहिले. त्यांनी विचारलं काय बघतेस एवढं, मी म्हटलं आई, घरी गेल्यावर वाचून दाखवते. रात्री वाचला तो लेख. त्यांचं शिक्षण चौथी. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, ही बाई आपल्याबरोबर आली असती तर बरं झालं असतं.

लातूर_एक्सप्रेस
मोगराताई, तुम्ही लिहिल्यावर मी जिणं आमुचं मागवलं. आज आलं. साठ पानं झाली. माझ्या वर्गमित्राला फोटो पाठवला तर त्याचा रिप्लाय, "माझ्या आईकडं आहे, तिनं तीनदा वाचलंय." इतकी वर्षं त्यांच्या घरी जेवायला जातो, त्यांनी काय वाचलं हे कधी विचारलं नव्हतं.

कागलकर
ताई तुम्ही म्हणाला होता तुमचं नंतर लिहीन. वाट बघतोय सगळे.

जुनी_पायवाट
हो लिहिते. माझं उपरा.

वाचनालयात लागून दुसरंच वर्ष होतं. दिवाळीनंतर गावाबाहेर कैकाड्यांची पालं पडायची, कणग्या, टोपल्या विणायला, गाढवं बांधलेली असायची. एक दिवस बारा-तेरा वर्षांचा मुलगा दारात येऊन उभा राहिला, आत येईना. म्हटलं काय पाहिजे रे, म्हणाला आमच्या माणसाचं पुस्तक हाय म्हणं तुमच्याकडं. कुणी सांगितलं, तर म्हणे मागच्या गावच्या मास्तरांनी. मी उपरा काढून दिलं. नियमाप्रमाणं सभासद असल्याशिवाय घरी देता येत नाही, आणि पत्ता नसलेल्याला सभासद करता येत नाही, आमच्या फॉर्मवर तसं छापलेलं होतं. मी सांगितलं इथंच बसून वाच. तो बाहेर पायरीवर बसला, आत ये म्हटलं तरी येईना, मग मीच खुर्ची उचलून दारात नेली आणि तिथं बसून काम केलं. रोज चार वाजता यायचा. अडखळत वाचायचा, ओठ हलायचे. मधे मधे कैकाडी भाषेतले शब्द आले की हसायचा, एकदा मला म्हणाला, बाई, हे तुमाला कळतं का? मी म्हटलं नाही. तर त्यानं मला सांगितलं. एकवीस वर्षांत मला पुस्तकातलं काही समजावून सांगणारा तो एकच वाचक.

अकरा दिवस आला, बाराव्या दिवशी पालं उठलेली होती. पुस्तक पायरीवर नीट ठेवलेलं, कारण मी त्या दिवशी उशिरा पोचले होते. वाचून पूर्ण झालं का ते मला कळलं नाही, खूण म्हणून त्यानं घातलेली कामटीची काडी शेवटून वीस-एक पानं आधी होती. तेव्हा मी त्याला सभासद करून घ्यायला हवं होतं, माझ्या पत्त्यावर करता आलं असतं, हे मला फार उशिरा सुचलं. पुढच्या वर्षी समितीसमोर विषय मांडला, भांडले, आणि पत्त्याची अट आम्ही काढून टाकली. काडी अजून त्याच पानात आहे, बाइंडरला मी सांगून ठेवलंय की ती काढायची नाही.

डहाणूची_बाई
ताई, तुमच्या वाचनालयाच्या त्या फॉर्मचा नवीन नमुना पाठवाल का? आमच्या शाळेत पेटी वाचनालय सुरू करतोय, भट्टीवर जाणाऱ्या घरांची मुलं सहा महिने नसतात, त्यांना पुस्तकं बरोबर नेता यावीत असं काहीतरी करायचंय.

जुनी_पायवाट
उद्या सकाळी फोटो काढून पाठवते. आणि पेटीसाठी झोंबीची एक प्रत माझ्याकडून, चिठ्ठी कोरी लावून देते.